मोडली तर कुठे मोडेल? आरसीवाले फिरून फिरून त्याच गाड्यांकडे का येतात

प्रश्न थोडक्यात असा. निपाणीजवळच्या गावातले एक गृहस्थ आहेत, मुलगा सातवीत आहे. बापलेकांना मिळून रिमोटची गाडी, म्हणजेच आरसी, घ्यायची आहे, पण जत्रेत मिळते तसली नको; उघडता येईल, सुटी करून परत जोडता येईल अशी छंदाची हवी. खर्चाची तयारी २०,००० रुपयांपर्यंत. घरापुढे सिमेंटचं अंगण, मागे उसाची काळी जमीन, गावाबाहेर शाळेचं मैदान. त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जुने आरसीवाले इतक्या गाड्या घेतात, विकतात आणि शेवटी त्याच चार-पाच मॉडेलांकडे परत येतात, ते का? आणि त्यातली आपण कोणती घ्यावी? मेहुण्यांनी सुचवलंय की ताशी १०० किलोमीटरवाली घ्या, एकदाच काय तो खर्च होऊ दे.

मी बेळगावात उद्यमबागला टर्निंगचं छोटं शॉप चालवतो. आरसी गाड्यांत पडून १८ वर्षं झाली, आणि चालवण्यापेक्षा जास्त वेळ माझा दुरुस्तीत गेलाय, आधी स्वतःच्या गाड्यांच्या आणि मग ओळखीपाळखीत येणाऱ्यांच्या. त्यामुळे हे उत्तर दुरुस्ती करणाऱ्याचं आहे. शर्यतीत उतरणारा माणूस वेगळं सांगेल, आणि त्याच्या जागी तो बरोबरही असेल.

तुम्ही मॉडेल विचारलंय, पण तुमची खरी अडचण मला दुसरी दिसते. गाडी पहिल्या महिन्यातच कुठेतरी धडकणार आणि काहीतरी मोडणार, हे धरून चला. मोडल्यावर पुढच्या रविवारी ती परत पळेल, की कपाटावर जाऊन बसेल? माझ्याकडे येऊन दुरुस्त न होता परत गेलेल्या गाड्या बहुतेक एकाच कारणाने गेल्या: मोटार चांगली, बॅटरी चांगली, आणि एक प्लास्टिकचा तुकडा कुठेच मिळेना. सातवीतल्या पोराच्या हातातून गाडी अशी गेली की तो परत त्या वाटेला सहसा येत नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

हे मला एका आर्मने शिकवलं. माझी पहिली धड गाडी म्हणजे गोव्यातून आणलेली जुनी बग्गी, म्हणजे उघड्या चाकांची, मातीत पळणारी आरसी. तिचा पुढचा डावा आर्म मोडलेला होता. आर्म म्हणजे चाकाला चॅसीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, जोडणारा प्लास्टिकचा त्रिकोण. माझ्याकडे मिलिंग मशीन होतं, ॲल्युमिनियमचा तुकडा पडून होता. दोन संध्याकाळ बसून मी नवा आर्म केला. देखणा झाला होता, हातात घेऊन बघत राहावं असा. पुढच्या रविवारी गाडी मैदानाच्या कट्ट्याला धडकली. आर्मवर ओरखडासुद्धा नाही, पण आर्म ज्या भागात बसतो तो चॅसीचा पुढचा भाग उभा चिरला. एका आर्मवर भागलं असतं, तिथे अख्खी चॅसी गेली. धडकेचा जोर कुठेतरी जाणारच असतो. प्लास्टिकचा आर्म म्हणजे घरातला फ्यूज. तो जातो म्हणून बाकीचं राहतं. मी फ्यूजच्या जागी जाड तार बांधून ठेवली होती.

तेव्हापासून कोणतीही गाडी समोर आली की मी ती आधी उलटी करून बघतो, की ही मोडली तर कुठे मोडेल. लोक वर्षानुवर्षं ज्या गाड्यांकडे परत येतात त्यांच्या बाबतीत याचं उत्तर चटकन मिळतं. त्या ठरलेल्या जागी मोडतात, मोडलेला भाग सुटा मिळतो आणि तो बदलायला चार स्क्रू काढावे लागतात. वेग आणि रूप त्यानंतर येतं. आता एकेक मॉडेल घेऊ.

सुरुवात तामियापासून करायला हवी. ही जपानमधल्या शिझुओकाची कंपनी. १९७६ मध्ये त्यांनी पोर्शे ९३४ ही पहिली आरसी गाडी काढली. १/१२ मापाचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्शाएवढं, शोभेचं मॉडेल ते आधीच बनवत होते, त्याच बॉडीखाली मोटार आणि रेडिओ बसवला. १९७९ मध्ये सँड स्कॉर्चर आणि रफ रायडर आल्या, वाळूत पळणाऱ्या बग्ग्या. पण ज्या दोघींनी जगभरच्या पोरांना या छंदात ओढलं त्या १९८४ च्या: ग्रासहॉपर आणि हॉर्नेट. कंपनीने हॉर्नेट २००४ मध्ये आणि ग्रासहॉपर २००५ मध्ये पुन्हा बाजारात आणली. वीस वर्षांपूर्वीची रचना जवळजवळ तशीच, आणि ती घेणारे कोण, तर लहानपणी जिच्यासाठी हट्ट केला आणि मिळाली नाही असे मोठे झालेले लोक.

खरं सांगायचं तर हॉर्नेट नीट वळत नाही. मागची मोटार, गिअरबॉक्स आणि दोन्ही चाकांचा आस मिळून एकच ठोकळा आहे, आणि तो अख्खा ठोकळा वरखाली होतो. एक चाक दगडावर गेलं की दुसरंही हलतं. खडबडीत मैदानावर मागचा भाग टणाटण उड्या मारत जातो. आजच्या कोणत्याही बग्गीपुढे ती शर्यतीत टिकणार नाही. तरी मी तिच्याकडे परत का जातो? तिच्यात लपलेलं काही नाही. चॅसी म्हणजे प्लास्टिकची एक मजबूत पेटी, तिच्यात बॅटरी, वर झाकण, पुढे दोन आर्म, मागे तो ठोकळा. दहा-बारा वर्षांचं मूल मोठ्या माणसाला शेजारी बसवून ती दोन-तीन दिवसांत पूर्ण जोडतं, आणि जोडताना डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, काय असते ते त्याला बोटांनी कळतं: एक चाक धरलं की दुसरं का फिरतं, दोन्ही धरली की काय होतं. हे पुस्तकातल्या चित्रावरून इतकं चांगलं कळत नाही. दोघींमधला फरक सांगतो. ग्रासहॉपरला मूळची मोटार ३८० मापाची, म्हणजे छोटी. हॉर्नेटला ५४० मापाची, म्हणजे मोठी, शिवाय मागे धक्के शोषणारे तेलाचे डँपर. ग्रासहॉपरची बॉडी कडक प्लास्टिकची, हॉर्नेटची पातळ पारदर्शक पॉलीकार्बोनेटची. ती आतून रंगवायची असते, म्हणजे बाहेर कितीही खरचटलं तरी रंग जात नाही.

तामियाचं किट, म्हणजे सुटे भाग घरी जोडायचा डबा, घेणार असाल तर दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. किटमध्ये ट्रान्समीटर (हातातला रिमोट), रिसीव्हर (गाडीत बसणारा त्याचा जोडीदार), सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटार), बॅटरी आणि चार्जर बहुधा नसतात, ते वेगळे घ्यावे लागतात. डब्याच्या किमतीवर जाऊन बजेट ठरवलंत तर फसाल. आणि त्यांचे स्क्रू जपानी मापाचे आहेत. आपला साधा चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण टोकाला घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. त्यासाठी जेआयएस टोकाचा ड्रायव्हर वेगळा मिळतो, तोच घ्या.

याच तामियाची १९८७ ची लंच बॉक्स म्हणजे मोठ्या चाकांवरची ठेंगणी व्हॅन. रिमोटचा ट्रिगर दाबला की पुढची चाकं उचलते, वळवली की आडवी होते. बघणारी पोरं खदखदून हसतात. दुसरी गाडी म्हणून छान, पहिली म्हणून नको.

दुसरं घराणं अमेरिकेचं. १९८४ मध्येच टीम असोसिएटेडची आरसी१० आली, रॉजर कर्टिस यांनी रचलेली. सोनेरी रंगाची ॲल्युमिनियमची चॅसी, चारही चाकांना स्वतंत्र आर्म, चारही कोपऱ्यांत तेलाचे डँपर. हॉर्नेट आणि आरसी१० शेजारी ठेवून बघा, एकाच वर्षी जन्मलेल्या वाटणार नाहीत. आज जी बग्गी उलटी कराल तिच्यात आरसी१० च्या त्या मांडणीची छाया दिसते. २०१३ मध्ये ती क्लासिक म्हणून पुन्हा निघाली. मला ती फार प्रिय आहे, पण तुम्हाला सुचवत नाही. आता ती जपून ठेवणाऱ्यांची गाडी झालीय, आणि तिला मैदानावर आपटताना तुमचाच हात आखडेल.

तिसरी गाडी ट्रॅक्ससची स्लॅश, २००८ ची. बजेटची अडचण नसती तर मी तुम्हाला डोळे झाकून हीच सांगितली असती. अमेरिकेत मातीच्या ट्रॅकवर मोठ्या पिकअप ट्रकांच्या शर्यती होतात, त्यांचं हे १/१० रूप. बग्गीची चाकं उघडी असतात. दोन गाड्या शेजारी आल्या की चाकात चाक अडकतं आणि एखादा आर्म जातो. स्लॅशची बॉडी चाकांवरून बाहेर येते, पुढे-मागे रुंद बंपर असतो, त्यामुळे पहिला धक्का तिथे बसतो. उणी बाजूही आहे: उडी मारली की त्या मोठ्या बॉडीत छत्रीसारखी हवा भरते आणि गाडी नाक वर करते. पण माझ्यासारख्याला तिच्यात सगळ्यात आवडतं ते हे, की मागच्या दोनच चाकांना ताकद असलेल्या स्लॅशचे बरेच भाग त्यांच्याच रस्टलर, स्टँपीड आणि बँडिट या गाड्यांना चालतात. एका कुटुंबात चार मॉडेलं असली की सुटे भाग बनत राहतात, दुकानदार ते ठेवत राहतो, आणि मोडकी गाडी विकत घेऊन तिचे अवयव काढता येतात. शिवाय तिच्या ईएससीत ट्रेनिंग मोड आहे, त्यात ताकद निम्मी होते. ईएससी म्हणजे मोटारीला किती वीज द्यायची ते ठरवणारी डबी. मुलाच्या हातात पहिला महिनाभर निम्मीच ताकद असावी. अडचण किमतीची. परदेशातली किंमत, त्यावर वाहतूक आणि आयात कर हे सगळं धरलं तर बॅटरी-चार्जरसह नवी स्लॅश तुमच्या २०,००० मध्ये बसत नाही. कुणाची वापरलेली मिळाली तर ती नक्की बघा.

तुमच्या रकमेत नवी आणि लगेच चालवायला तयार अशी मी सुचवेन ती डब्ल्यूएलटॉईजची १४४००१. चिनी गाडी, १/१४ माप, चारही चाकांना ताकद, खाली धातूची चॅसी, ५५० मापाची ब्रशवाली मोटार, सोबत ७.४ व्होल्टची १५०० एमएएच लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आणि चार्जर. छंदी लोकांत हिचा बोलबाला झाला तो याच कारणाने, की इतक्या कमी किमतीत बॉल बेअरिंग, तेलाचे डँपर आणि दोन्हीकडे डिफरन्शियल एरवी मिळत नव्हतं. सुटे भाग आणि सुधारित भाग इतके निघाले की अख्खी गाडी भागाभागांतून उभी करता येईल. उणीव सांगतो: रिसीव्हर आणि ईएससी एकाच डबीत आहेत, त्यातलं एक गेलं की दोन्ही बदलावे लागतात. आणि कारखान्यातून येताना डिफरन्शियलमध्ये ग्रीस बेताचंच असतं. चालवण्याआधी उघडून भरून घ्या.

या गाडीसाठी बाजारात ॲल्युमिनियमचे निळे-लाल आर्म मिळतात. फार सुंदर दिसतात. माझी आर्मची गोष्ट आठवा आणि ते घेऊ नका. धातू घ्यायचाच तर जिथे धक्का बसत नाही, नुसती झीज होते, तिथे घ्या, म्हणजे गिअर आणि ड्राइव्ह शाफ्ट. धक्का जिथे बसतो तिथे प्लास्टिकच हवं.

आता मेहुण्यांच्या सूचनेबद्दल. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. शाळेचं मैदान १०० मीटर लांब धरलं तर गाडी या टोकाहून त्या टोकाला चार सेकंदांच्या आत पोचते. त्यात मुलाने बघायचं कधी, ठरवायचं कधी आणि ब्रेक मारायचा कधी? ताशी ३० ला तेच अंतर १२ सेकंद घेतं, आणि चालवल्याचा आनंद त्या १२ सेकंदांत असतो. दुसरी गोष्ट, धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ३० ऐवजी १०० म्हणजे वेग सव्वातीन पटीच्या आसपास, पण धडक ११ पट. दीड-दोन किलोची वस्तू त्या वेगाने कुणाच्या नडगीवर आली तर हाड मोडेल. मैदानावर धाकटी पोरं असतात, कुत्री असतात. मेहुण्यांचा हेतू चांगला आहे, पण हे त्यांना जरूर सांगा. १४४००१ च्या डब्यावरसुद्धा ६० लिहिलेलं असतं. सुरुवातीला ट्रिगरच्या मागच्या फटीत खोडरबराचा तुकडा चिकटवा, म्हणजे तो पूर्ण दाबलाच जात नाही. मुलगा सलग दोन बॅटऱ्या कुठेही न धडकता चालवू लागला की तुकडा थोडा कापायचा. माझ्या पुतण्याला मी असंच शिकवलं.

जमिनीचा विचार गाडीइतकाच करायला हवा, आणि इथे आपल्या सीमाभागात दर पन्नास किलोमीटरला उत्तर बदलतं. तुमच्याकडची काळी माती कोरडी असताना ढेकळांची असते आणि ओली झाली की कणकेसारखी चाक आणि आर्मच्या मधे भरते. चाक फिरायचं थांबतं, मोटार जोर लावत राहते, तापते आणि जळते. पाऊस पडून गेल्यावर निदान तीन-चार दिवस काळ्या रानात गाडी घालू नका. ऊस तुटल्यावर मोकळं झालेलं रान लांबून मोह घालतं, पण तिथली खोडकी टायर फाडतात आणि आर्म उपटतात. शाळेचं मैदानच बरं. कुणाकडे जुन्या पद्धतीचं सारवलेलं खळं असेल आणि मळणी आटोपली असेल, तर परवानगी घेऊन तिथे एकदा जरूर चालवा. इतका एकसारखा, धूळ न उडणारा मातीचा ट्रॅक विकत मिळणार नाही.

इकडे बेळगाव-खानापूर बाजूला तांबडी माती. ती चाकाला तशी चिकटत नाही, पण तिची धूळ पिठासारखी बारीक असते आणि बेअरिंगमध्ये शिरते. बेअरिंगमधून कर्रकर्र आवाज यायला लागला की समजायचं धूळ आत पोचली. मी दर चार-पाच रविवारनंतर चाकांची बेअरिंगं काढतो, रॉकेलमध्ये घोळवतो, सुकवतो आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब देतो. बस्स. जाड ग्रीस लावलं तर धूळ त्यातच चिकटून सहाणेसारखं काम करते.

बेअरिंगवरून एक फार उपयोगाची गोष्ट. तामिया आणि ट्रॅक्ससच्या कितीतरी गाड्यांत एकच माप फिरून फिरून येतं: आतून ५ मिलिमीटर, बाहेरून ११, जाडी ४. हे साध्या औद्योगिक बेअरिंगमध्ये एमआर११५ या नंबरने मिळतं. बेळगावात, कोल्हापुरात बेअरिंगच्या दुकानात विचारा, नसेल तर मागवून देतात. मात्र नंबर बघून घ्या. मला एकदा दुकानात सांगितलं, ‘६८५ न्या की, तेच आहे.’ तेच नाही. ६८५ चा आतला-बाहेरचा व्यास जुळतो, पण दोन्हीकडे पत्रा असलेल्या ६८५ ची जाडी ५ मिलिमीटर भरते. तो एक मिलिमीटर चाकाला आसावर पूर्ण बसू देत नाही, नट आवळला की चाक जाम होतं, आणि आपण तासभर दोष मोटारीत शोधत बसतो. तामियाच्या किटमध्ये कितीतरी ठिकाणी बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे बुश, म्हणजे साधी कडी, असतात. ते काढून एमआर११५ टाकलं की हॉर्नेट दुसरीच गाडी वाटते. या छंदात इतक्या थोड्या पैशात इतका फरक दुसऱ्या कशाने पडलेला मी बघितला नाही. १४४००१ ची मापं वेगळी आहेत, ती तिच्या भागांच्या तक्त्यावरून घ्या.

पावसाळ्याचं काय? आपल्याकडे जून ते सप्टेंबर, खानापूरकडे तर विचारूच नका. वॉटरप्रूफ असं लिहिलेलं असतं ते विजेच्या भागांपुरतं. बेअरिंगं, स्क्रू, पिनियन (मोटारीवरचा छोटा गिअर) हे सगळं गंजतं. ओल्यात चालवलीच तर त्याच दिवशी पुसून, बॉडी काढून पंख्याखाली ठेवायची. दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. मी स्वतः पावसाळ्यात क्रॉलर बाहेर काढतो.

क्रॉलर म्हणजे दगडांवरून हळूहळू चढणारी गाडी, माणसाच्या चालीपेक्षाही हळू. यातही लोक ठरावीक नावांकडे परत जातात. २०१७ ची ट्रॅक्सस टीआरएक्स-४ ही मोठी: आस चाकाच्या मध्यापेक्षा वर उचललेला असतो, त्यामुळे पोट दगडाला घासत नाही, आणि डिफरन्शियल रिमोटवरून लॉक करता येतात. ती महाग आहे. पण ॲक्सियलने एससीएक्स२४ काढली, १/२४ माप, वीतभर लांब, आणि तिने घरात बसून क्रॉलिंग करता येतं हे दाखवून दिलं. चार विटा, दोन कुंड्या, जांभ्या दगडाचे तुकडे अंगणात मांडले की झाला घाट. खानापूरच्या बाजूला तर जांभा पायाखालीच असतो, खरखरीत, टायर छान धरतो. वेग नसल्यामुळे क्रॉलर मोडत नाही म्हटलं तरी चालेल. तुमचा मुलगा शांत, एकाच गोष्टीत तासभर रमणारा असेल तर बग्गीऐवजी सुरुवातच इथून करा. तो उड्या मारणारा, धावणारा असेल तर क्रॉलर दोन दिवसांत कोपऱ्यात जाईल. हे तुम्हीच ठरवू शकता, मी नाही.

म्हणजे इथवरचं असं झालं: मैदान आणि वेगाची आवड असेल तर १४४००१. जोडण्याची आवड जास्त, आणि रेडिओ-बॅटरीसाठी आणखी थोडं थांबून पैसे जमवायची तयारी असेल तर हॉर्नेट किंवा ग्रासहॉपर. अंगण आणि धीर असेल तर छोटा क्रॉलर. वापरलेली स्लॅश चांगल्या स्थितीत मिळाली तर बाकी सगळं विसरा.

वापरलेली बघायला गेलात तर बॉडीकडे बघू नका, ती खरचटलेलीच असणार. चाक धरून वरखाली हलवा, फार खुळखुळत असेल तर बेअरिंग किंवा बुश गेलेत, ते सोपं आहे. गाडी हाताने ढकला, करकर आवाज गिअरबॉक्समधून आला तर उघडून दाते बघू द्या असं सांगा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चॅसीत स्क्रू जिथे बसतात ती भोकं. प्लास्टिकमधले आटे गेले असतील, स्क्रू नुसताच फिरत असेल, तर ती गाडी बऱ्याचदा उघडली आणि चुकीच्या जोराने आवळली गेलीय. प्लास्टिकमध्ये स्क्रू टेकला की पाव फेरा, त्यापुढे नाही. धातूत धातू बसतो तिथे लॉकटाईटचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा, एक थेंब चालतो. प्लास्टिकवर तो कधीच लावायचा नाही, प्लास्टिक तडकतं.

बॅटरीबद्दल मी थोडा कडक बोलणार आहे, राग मानू नका. लायपोचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, आणि ३ च्या खाली गेला की कायमचा बिघडतो. दोन सेलची बॅटरी म्हणजे भरल्यावर ८.४. गाडी मंद झाली की थांबायचं, ‘अजून एक फेरी’ करायची नाही. एक छोटा बझर मिळतो, व्होल्टेज उतरलं की ओरडतो, तो बॅटरीच्या बॅलन्स प्लगला, म्हणजे एकेका सेलचं व्होल्टेज मोजता येतं त्या छोट्या प्लगला, लावून ठेवा. १५०० एमएएचची बॅटरी दीड अँपिअरपेक्षा जास्त करंटने चार्ज करू नका, चार्ज होताना जवळ बसा, रात्री लावून झोपू नका, आणि फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज करा, गादीवर नाही. आठवडाभर चालवणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. मी एका एप्रिलमध्ये पूर्ण भरलेली बॅटरी स्कूटरच्या डिकीत दोन आठवडे विसरलो. काढली तेव्हा पोळीसारखी फुगली होती. ती तिथे पेटली नाही हे नशीब. फुगलेली बॅटरी परत कधी चार्ज करायची नसते, मग ती चालत का असेना. हे सगळं मुलाला सांगा, पण चार्जिंग दोन वर्षं तरी स्वतःच्या हातात ठेवा. तामियाचं किट घेतलंत तर ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी घेता येते. जड असते, दमही थोडा कमी, पण अशी बिथरत नाही. मुलाच्या पहिल्या गाडीसाठी हॉर्नेटच्या बाजूने हाही एक मुद्दा आहे.

पैसे देण्याआधी एक परीक्षा करा. जी गाडी मनात भरली असेल तिचे तीन भाग शोधा: पुढचा आर्म, स्पर गिअर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर), स्टिअरिंगचा सर्वो. तिन्ही देशातल्या देशात, शिलकीत, भागाच्या नंबरासकट मिळत असतील तर पुढे जा. एकही मिळत नसेल तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडा. मी स्वतः एकदा एक चकचकीत गाडी घेतली होती, विकणाऱ्याने सुटे भाग पुढच्या महिन्यात येतील म्हणून सांगितलं. तीन वर्षं झाली, ती शॉपच्या फळीवर आहे.

१४४००१ घेतलीत तर गाडीबरोबरच हे मागवा: पुढच्या आर्मच्या दोन जोड्या, स्टिअरिंग कपची (पुढचं चाक धरून वळवणारा भाग) एक जोडी, एक स्पर गिअर, स्क्रूंचं एक पाकीट आणि आणखी एक बॅटरी. गाडी आल्यावर पहिल्या दिवशी चालवू नका. मुलाला घेऊन बसा, चाकं काढा, डिफरन्शियल उघडून ग्रीस भरा, प्रत्येक पायरीचा फोटो काढा आणि स्क्रू अंड्याच्या ट्रेमध्ये खणाखणात ठेवा, म्हणजे कुठला कुठला ते चुकत नाही. मोटार परत लावताना पिनियन आणि स्परच्या दातांमधे वहीच्या कागदाची पट्टी घाला, दाबून स्क्रू आवळा आणि पट्टी फिरवून बाहेर काढा. पट्टीवर घड्या पडलेल्या दिसल्या पाहिजेत. फाटली तर अंतर कमी आहे. मागवण्याआधी भागांचे नंबर इथे लिहून टाका, मी माझ्या गाडीच्या तक्त्याशी ताडून सांगतो.